खान्देशातला उन्हाळा: घर, कुंड्या आणि घरची जनावरं – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गुढीपाडवा झाला की जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या घरांतून दरवर्षी तेच प्रश्न सुरू होतात. कुंड्या का जळतात, कूलर का गार करत नाही, कुत्रं जेवत का नाही. पुण्या-मुंबईचे सल्ले आपल्याकडे पुरे पडत नाहीत, कारण आपलं ऊन कोरडं आणि भाजणारं आहे. खालची उत्तरं तापी-गिरणेच्या खोऱ्यातलं ऊन डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत.

आपल्याकडेच एवढं का तापतं?

उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर आणि मधे तापीचं सखल खोरं, अशी आपली जागा आहे. जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम २०० मीटर उंचीवर आहे, पुणे साडेपाचशेच्या वर. समुद्र लांब, त्यामुळे तिकडचा वारा इथवर येईपर्यंत तापलेला असतो. कापूस, गहू, हरभरा निघाला की काळी रानं उघडी पडतात आणि काळी माती ऊन पिऊन घेते. त्यात वायव्येकडून कोरडा वारा. आकाशात ढग नाही, हवेत ओल नाही, मग पारा ४३-४५ वर जायला वेळ लागत नाही.

आणखी एक गोष्ट आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी सूर्य आपल्या बरोब्बर डोक्यावर येतो. उभ्या खांबाची सावली क्षणभर त्याच्या पायाशीच गडप होते. त्या दिवसांत खरा मार दक्षिणेच्या भिंतीवर बसत नाही, तो स्लॅबवर आणि पश्चिमेच्या भिंतीवर बसतो. घर गार ठेवायचं असो की कुंडी वाचवायची असो, आधी या दोन जागांचं बघा.

बातमीत ४४ सांगतात, पण गच्चीवर त्याहून कितीतरी जास्त वाटतं. खरं काय?

दोन्ही खरं. हवामान खातं सावलीतल्या, वारा खेळत्या पेटीतलं हवेचं तापमान सांगतं. उघड्या स्लॅबचा पृष्ठभाग, पत्रा, डांबरी रस्ता हे त्याहून कितीतरी जास्त तापतात. तुमची कुंडी स्लॅबवर उभी असते आणि कुत्र्याचे पंजे रस्त्यावर पडतात, त्यांच्यासाठी बातमीतला आकडा कमीच असतो.

सपाट प्रदेशात पारा ४० च्या वर आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंश जास्त गेला, किंवा थेट ४५ ला पोचला, की खातं उष्णतेची लाट म्हणतं. असा इशारा आला की दुपारी १२ ते ४ बाहेरचं काम ठेवू नका.

स्लॅबचं घर रात्रीसुद्धा तापलेलं राहतं. जुन्या धाब्याच्या घरात असं होत नसे.

धाब्याच्या घरावर मातीचा जाड थर असायचा, भिंतीही हातभर रुंद. दिवसाची उष्णता आत झिरपेपर्यंत संध्याकाळ व्हायची. चार-पाच इंची स्लॅब दुपारीच तापून जातो आणि रात्रभर ती उष्णता खोलीत सोडत राहतो.

सगळ्यात स्वस्त उपाय चुन्याचा. मार्चमध्ये गच्ची झाडून, धुऊन, विरलेल्या चुन्यात थोडं फेविकॉल घालून दोन हात मारा. पांढरा रंग ऊन परत फेकतो, फरक खालच्या खोलीत पहिल्याच दिवशी कळतो. त्यावर हिरवी शेडनेट हातभर उंच बांधली तर आणखी चांगलं, पण ती स्लॅबला चिकटवून अंथरू नका, मधून वारा गेला पाहिजे. पश्चिमेच्या खिडकीला पडदा आतून लावण्यापेक्षा बाहेरून तट्ट्या किंवा ताडपत्री लावा. ऊन काचेतून आत आलं की पडदा फार काही करू शकत नाही.

सकाळी नऊला खिडक्या बंद, रात्री आठनंतर सगळ्या उघड्या. आपल्या आज्या हेच करत. गच्चीवर पाणी मारायचं तर सूर्य मावळल्यावर मारा आणि थोडंच. दुपारी मारलेलं पाणी वाफ होऊन जातं, आणि मे महिन्यात पाणी वाया घालवणं आपल्या भागाला परवडत नाही.

एप्रिलमध्ये कूलर छान चालतो, जूनमध्ये नुसतं चिकट होतं. कूलर बिघडला का?

बिघडला नाही. पाण्याची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता ओढून घेतं, कूलर त्यावरच चालतो. हवा कोरडी असली की वाफ भराभर होते, म्हणून एप्रिल-मे हे आपल्याकडे कूलरचे महिने. मृगाच्या आधी हवेत ओल चढते, वाफ होत नाही, आणि खोली दमट होते. तेव्हा पंप बंद करून नुसता पंखा चालवा. माठातलं पाणी त्या दिवसांत गार होत नाही, त्याचंही कारण हेच.

कूलर खिडकीबाहेर ठेवा आणि समोरचं दार किंवा खिडकी थोडी उघडी ठेवा. बंद खोलीत कूलर लावला तर तीच ओली हवा फिरत राहते. गवताच्या ताट्या दर मोसमाला बदला, बोअरच्या जड पाण्याने त्यांवर पांढरे क्षार बसतात आणि हवा अडते.

दोन गोष्टी टाळू नका. टाकीतलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून, टाकी घासून, वाळू द्या. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत डास तयार होतो. दुसरी गोष्ट जिवाची आहे. लोखंडी कूलरमध्ये पाणी भरताना प्लग काढलेलाच हवा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. अर्थिंग आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या, पायात चप्पल ठेवा, लहान मुलांना कूलरला हात लावू देऊ नका. ओल्या हाताने लोखंडी कूलरला शॉक लागून माणसं गेली आहेत.

कूलरचं काढलेलं पाणी झाडांना घातलं तर चालेल ना? वाया जात नाही.

रोज नको. पाणी वाफ होऊन उडतं, क्षार मात्र टाकीतच राहतात, म्हणून उरलेलं पाणी मूळ पाण्यापेक्षा खूप खारट असतं. ते कुंडीत घातलं की आठ-पंधरा दिवसांत पानांच्या कडा करपतात आणि मातीवर पांढरी पुटं दिसतात. आरओच्या वाया जाणाऱ्या पाण्याचंही तसंच. दोन्ही पाणी फरशी पुसायला, संडासात, अंगणात सडा मारायला वापरा. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी मात्र खुशाल घाला.

कुंड्यांना पाणी किती वेळा घालायचं? दोनदा घालूनही दुपारी पानं माना टाकतात.

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे आणि इथेच सगळ्यात जास्त झाडं मरतात, तीही जास्त पाण्याने.

दुपारी दोनला पान मान टाकतं ते बऱ्याचदा पाणी नाही म्हणून नव्हे. मुळं जेवढं पाणी ओढतात त्याहून जास्त पान सोडतं, म्हणून झाड स्वतःच पान लोंबतं ठेवून ऊन कमी घेतं. संध्याकाळी सातला बघा. पान परत ताठ झालं असेल तर पाणी पुरेसं आहे. सकाळी सहालाही लोंबलेलंच असेल तर मात्र तहान आहे, किंवा मूळ कुजलं आहे. बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर थांबा, कोरडी लागली तर पाणी द्या.

वेळ सकाळी सातच्या आत. संध्याकाळी द्यायचं तर कुंडी निवल्यावर, आठच्या पुढे. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं आणि उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी हाताला चटका देईल इतकं कढत असतं. ते बादलीत काढा, निवू द्या, मग घाला. कित्येक रोपं या पहिल्या पाण्याने मरतात आणि दोष उन्हाला जातो.

पाणी वाढवण्याआधी सावली वाढवा. ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट डोक्यावर आणि पश्चिमेच्या बाजूला, कुंड्या स्लॅबवरून उचलून दोन विटांवर, आणि मातीवर तीन-चार बोटं आच्छादन. आपल्याकडे केळीची वाळलेली पानं, उसाचं पाचट, गव्हाचा भुसा सहज मिळतो. रावेर-यावलकडे केळीबागेच्या कडेने शेवरी किंवा गजराज गवत लावतात ते उन्हाचा झोत आणि वारा अडवायला. गच्चीवरच्या कुंडीलाही तोच आडोसा लागतो. मोठ्या कुंड्या बाहेरच्या बाजूला आणि लहान त्यांच्या सावलीत, अशा जवळजवळ लावा. एवढं केलं तर बऱ्याच झाडांना दिवसातून एकदाच पाणी पुरतं.

नुसती काळी माती कुंडीत भरू नका. ती वाळली की आक्रसून कुंडीची कड सोडते आणि पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं, मुळापाशी थेंब राहत नाही. पोयटा, शेणखत आणि थोडा कोकोपीट मिसळा. सध्याच्या कुंडीत असं झालं असेल तर ती बादलीभर पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बसवून ठेवा, माती परत फुगते.

कोणती झाडं आपल्या उन्हात खरंच टिकतात?

मोगरा. त्याला ऊन हवंच, आणि एप्रिल-मेमध्येच तो भरभरून फुलतो. सदाफुली, बोगनवेल, कण्हेर, कोरफड, कढीपत्ता, लिंबू ही सगळी तग धरतात. कण्हेर विषारी आहे, घरात शेळी किंवा कुत्र्याचं पिल्लू असेल तर लावू नका. तुळशीला दुपारी सावली आणि मंजिऱ्या वरचेवर खुडणं, एवढंच लागतं.

भाज्यांत गवार, भेंडी, चवळी, गिलकी, दोडकी. टोमॅटो आणि मिरचीला एवढ्या उन्हात फळ धरत नाही, फुलं गळतात, त्यात तुमचं काही चुकत नाही. झाड जगवा, पाऊस आला की ते परत धरेल. कोथिंबीर हवी असेल तर पूर्वेच्या ओसरीत, फक्त सकाळचं ऊन येईल अशी ठेवा.

खत आणि कुंडी बदलणं मे महिन्यात नको. रासायनिक खत तर अजिबात नको, तापलेल्या मातीत ते मुळं जाळतं.

गुलाबाची पानं फिकट, धुरकट झाली आहेत. कीड तर दिसत नाही.

पांढरा कागद पानाखाली धरा आणि पानावर टिचकी मारा. कागदावर धुळीएवढे लालसर ठिपके पडतील. थोडा वेळ टक लावून बघा. ठिपके चालू लागले तर तो लाल कोळी. कोरड्या उन्हात तो झपाट्याने वाढतो, पानाखाली बारीक जाळी करतो आणि रस शोषतो. भेंडी, वांगी, गुलाब त्याला आवडतात.

औषधाआधी पाणी. चार-पाच दिवस रोज सकाळी पानाच्या खालच्या बाजूने जोरदार फवारा मारा, निम्मा कोळी तिथेच संपतो. उरलेल्याला लिटरभर पाण्यात चमचाभर निंबोळी तेल आणि साबणाचे दोन-चार थेंब, तेही सूर्य मावळल्यावर. तेल मारून उन्हात ठेवलं तर पान करपतं.

जास्वंदीवर कापसासारखं पांढरं दिसतं तो पिठ्या ढेकूण. जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात पुसून काढा आणि मुंग्यांची रांग तोडा, मुंग्याच त्याला फांदीफांदीवर नेतात.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आठ दिवस माहेरी जायचं आहे. कुंड्यांचं काय?

शेजारणीला किल्ली देणं सगळ्यात चांगलं. ते जमत नसेल तर सगळ्या कुंड्या उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या सावलीत, शक्यतो घराच्या आत उजेडाला, एकमेकींना चिकटून ठेवा. मधे पाण्याची झाकलेली बादली उंचावर ठेवा आणि तिच्यातून सुती दोरीची एकेक वात प्रत्येक कुंडीच्या मातीत चार बोटं खोचा. वात आधी भिजवून घ्या. जायच्या आधी एक दिवस लावून बघा, म्हणजे किती पाणी जातं त्याचा अंदाज येतो. जमिनीतल्या झाडाजवळ जुना माठ गळ्यापर्यंत पुरून, भरून, झाकण ठेवलं की तो पाझरत राहतो. माठ रंगवलेला नको.

वाळवण कधी करावं? यंदा दुपारी वारा फार आहे.

कुरडया, पापड, शेवया, बिबडे यांना आपल्या उन्हासारखं ऊन कुठे नाही. पण बिबड्याचं पीठ थापायचं ते पहाटे. ज्वारीचं शिजवलेलं पीठ गरम असतानाच ओल्या कापडावर पसरावं लागतं आणि सूर्य वर येईपर्यंत सगळी बाज भरलेली हवी, म्हणजे ते सावकाश वाळायला लागतात. एकदम कडक ऊन लागलं तर वरून कडक आणि आतून ओले राहतात, कडा फाटतात. वाऱ्याच्या दिवशी वरून जुनी पातळ साडी टाकून कडेला विटा ठेवा. अवकाळीचे ढग आले तर कुरडयांचा चीक त्या दिवशी शिजवूच नका.

खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, असं सासूबाई म्हणतात. खरं का?

खिशातला कांदा अंगाची उष्णता कमी करत नाही. भाकरीबरोबर कच्चा कांदा, ताक, कैरीचं पन्हं घ्या, त्यातून पाणी आणि मीठ पोटात जातं. सासूबाईंनी दिलेला कांदा घ्या, पण टोपी, उपरणं आणि पाण्याची बाटली सोडू नका.

घाम जाऊन थकवा आला असेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट द्या. चमचा चहाचा. माणूस बरळायला लागला, तोल गेला, अंग चुलीसारखं तापलं, तर तो उष्माघात समजा. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर साधं पाणी टाकून वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. म्हाताऱ्या माणसांना तहान कळत नाही, त्यांच्या हातात तासा-दीड तासाने भांडं नेऊन द्या.

कुत्रं दुपारी सारखं धापा टाकतं. आजारी आहे का?

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच ते अंग निववतं. फरशीवर पसरून धापा टाकणं, दुपारचं जेवण सोडणं हे उन्हाळ्यात चालतं. जेवण पहाटे आणि रात्री द्या, दूध-भाकरीऐवजी ताक-भात घालून बघा. त्यात कांदा-लसूण नको, आणि बेदाणे तर कधीच नको, कुत्र्याला ते विषासारखे आहेत.

फिरवायला सकाळी सातच्या आत. संध्याकाळी रस्त्यावर हाताची पालथी बाजू टेकवा आणि सात आकडे मोजा. हात ठेववत नसेल तर त्याचे पंजेही भाजणार. भुसावळ-जळगावकडचे डांबरी रस्ते मेमध्ये रात्री आठलाही तापलेले असतात. पाणी मातीच्या कुंड्यात, सावलीत ठेवा, स्टीलचं भांडं चटकन तापतं. जाड केसांच्या कुत्र्याचं पूर्ण मुंडण करू नका. ते केस उन्हालाही अडवतात. विंचरून सुटलेले केस काढा, एवढं पुरे. चपट्या नाकाच्या पगसारख्या कुत्र्यांना हे ऊन झेपत नाही, त्यांना दुपारी कूलरसमोरच ठेवा.

लाळ घट्ट, चिकट झाली, हिरड्या लालभडक झाल्या, चाल डळमळली, उलटी झाली, तर थांबू नका. आधी पोट, काखा, जांघा साध्या पाण्याने भिजवा, पंखा लावा, आणि मग डॉक्टरकडे न्या, रस्त्यातही भिजवत राहा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असतं, ४१ च्या पुढे गेलं की जिवाला धोका असतो.

गोचीड फार झाल्या आहेत. गुरांचं औषध कुत्र्या-मांजराला लावलं तर?

नका लावू. गोचीड मारण्याच्या अनेक औषधांत परमेथ्रिन असतं, ते मांजराला मारक आहे. कुत्र्याला लावलेलंही मांजर चाटणार नाही हे बघा. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत रोज हात फिरवा. ताप, फिकट हिरड्या, नाकातून रक्त दिसलं तर गोचीड-ताप असू शकतो, रक्त तपासून घ्या.

मांजर पाणीच पीत नाही.

पाण्याचं भांडं जेवणाच्या ताटलीपासून लांब ठेवा, दोन-तीन जागी ठेवा, जेवणात पाणी मिसळा. मांजर तोंड उघडं ठेवून धापा टाकत असेल तर ती तातडीची गोष्ट आहे, कुत्र्यासारखं साधं समजू नका. गाडी सुरू करण्याआधी खाली वाकून बघा, पिल्लं सावलीला तिथेच बसतात.

गोठ्यावर पत्रे आहेत. म्हशीचं दूध आटलं.

पत्र्यावर कडब्याचा किंवा पऱ्हाटीचा जाड थर टाका, चारही बाजूंनी वारा मोकळा ठेवा. म्हशीची कातडी काळी आणि घाम कमी, म्हणून तिला डुंबायला हवं. ते नसेल तर दुपारी दोन-तीनदा अंग धुवा. दुभती म्हैस या दिवसांत ७०-८० लिटर पाणी सहज पिते. वैरण पहाटे आणि रात्री टाका.

एक गोष्ट कळकळीने सांगते. ज्वारी काढलेल्या रानात एखादी अवकाळी सर पडली की हिरवेगार फुटवे येतात आणि उपाशी जनावर तिकडे धावतं. त्या कोवळ्या, पाण्याअभावी खुरटलेल्या फुटव्यांत सायनाइडचं विष तयार होतं. यालाच किराळ लागणं म्हणतात. जनावर काही मिनिटांत आडवं होतं. अशा रानात गुरं, शेळ्या सोडूच नका, आणि झालंच तर घरगुती उपायात वेळ न घालवता पशुवैद्यकाला बोलवा. सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक १९६२ आहे.

पाखरांसाठी पाणी ठेवतो, पण येत नाहीत.

भांडं पसरट, दोन बोटंच खोल, मधे एक दगड, आणि मांजर दबा धरू शकणार नाही अशी सावलीची जागा. पाणी रोज बदला. आठवडाभर जागा हलवू नका, त्यांना सवय व्हायला वेळ लागतो. घरट्यातून पडलेला पोपट पिंजऱ्यात पाळू नका, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते चालत नाही. वनखात्याला कळवा.

न्हाणीत साप निघाला. आता काय?

उन्हाळ्यात त्यालाही गारवा आणि पाणी हवं असतं. माणसं, कुत्रं लांब करा, नजर ठेवा, सर्पमित्राला बोलवा. माठाखालची, कूलरमागची, कुंड्यांमधली अडगळ आठवड्याला हलवा. अंगणात किंवा गच्चीवर झोपताना जमिनीवर नको, बाजेवर आणि मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपा, कारण मण्यार रात्रीच फिरतो आणि त्याचा दंश झोपेत कळतही नाही. दंश झाला तर चिरा देऊ नका, आवळून बांधू नका, मांत्रिकाकडे नेऊ नका, सरळ सरकारी दवाखाना. प्रतिविष तिथे मिळतं.

पहिला पाऊस पडला की शेडनेट काढायची का?

लगेच नको. मेअखेर आणि जूनच्या सुरुवातीला वादळी वारा येतो, केळीच्या बागा आडव्या होतात त्या याच दिवसांत. कठड्यावरच्या कुंड्या खाली घ्या, नेटच्या गाठी तपासा. एका सरीनंतर तीन-चार दिवस परत कडक ऊन पडतं, त्या वाफेत सावलीतून एकदम बाहेर काढलेली रोपं करपतात. सलग आठवडाभर ढगाळ राहिलं की नेट काढा, कुंडीच्या तळाची भोकं मोकळी करा, आच्छादन निम्मं कमी करा. कुंडी बदलणं, छाटणी, नवीन लावणी हे सगळं तेव्हापासून.